सॅमन असो वा महासीर: नदीतल्या माशांसाठी देणगी देताना या चुका टाळा

नदीतले मासे कमी झाले की आपल्या मनात पहिला विचार येतो तो मासे सोडायचा. वडिलांच्या पुण्यतिथीला मत्स्यबीज घेऊन द्यायचं, बोटुकल्या धरणात सोडायच्या, फोटो काढायचा. भावना खरी असते, म्हणूनच ती वाया जाताना वाईट वाटतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षं हेच चाललं आहे. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, सॅमनची (समुद्रातून नदीत परतून अंडी घालणाऱ्या माशाची) पिल्लं वाढवायची आणि नदीत सोडायची. पण टाकीत वाढलेल्या माशाचा जंगली माशाशी संकर झाला, की पुढची पिढी वाहत्या नदीत टिकायला कमकुवत पडते. आपल्याकडे महासीर हा नदीतला मोठा मासा; कावेरीत बाहेरून आणलेला दख्खनचा महासीर सोडला गेला. तिथल्या मूळच्या कुबडाच्या महासीरची नोंद 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून झाली, आणि बाहेरच्या माशाची स्पर्धा हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणून तापी-गिरणेत मासे सोडायला कोणी पैसे मागितले, तर आधी विचारा: जात कोणती, मूळची इथलीच का, बीज कुठून आणलं? तिलापिया किंवा आफ्रिकन मागूर असे परदेशी मासे असतील तर सरळ नाही म्हणा. नदीच्या भल्यासाठी कटला-रोहू सोडतो म्हणणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारा. मत्स्यव्यवसायासाठी ते ठीक असेल, पण ते संवर्धन नव्हे.

माशाला हवी असते वाट आणि अंडी घालायला जागा. सॅमनची मादी शेपटीने गोट्यांत खड्डा करून अंडी घालते. महासीरही पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडीच्या, स्वच्छ वाहत्या पाण्यात अंडी घालतो. गिरणेच्या पात्रातली वाळू-खडी उपसून नेली, की पुढच्या पिढीचं घरच गेलं. तापीवर हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि खाली गुजरातेत उकाई. माशाने वर चढायचं तरी कुठून?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढून झाली ती 2024 मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चिनूक सॅमन त्या जागा ओलांडून वर पोचले. आपल्याकडे पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी बंधारे लागतातच, ते काढा असं कोणी म्हणणार नाही. पण उन्हाळ्यात डोह राखणं, विणीच्या काळात जाळी बंद ठेवणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांची रोजी भरून देणं, पाण्याची आणि माशांची नियमित नोंद ठेवणं, या कामांना देणगी नक्की लागते. यांचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून पैसा कमी येतो. आणि ही कामं एका वर्षात संपत नाहीत. एकदाच दहा हजार देण्यापेक्षा पाच वर्षं दोन-दोन हजार दिले, तर काम करणाऱ्यांना पुढचं ठरवता येतं.

आता पैशाच्या अडचणी. पावती मिळाली पण करसूट दिसत नाही? संस्थेला पॅन दिला होता का आणि तिने देणगीचं प्रमाणपत्र (फॉर्म 10बीई) दिलं का, ते बघा. दोन हजारांवर रोख दिली असेल, किंवा तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल, तर देणगीवरची आयकर सूट (80जी) मिळत नाही. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागचे हिशेब मागायला संकोच करू नका. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते.

परदेशातल्या सॅमन संस्थेला इथून दिलेल्या देणगीवर भारतात सूट नाही. कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतात. दरमहा आपोआप कापली जाणारी परदेशी देणगीही पुष्कळदा अडकते, तेव्हा वर्षातून एकदाच द्या. मुलगा किंवा मुलगी सिएटल-पोर्टलंडकडे नोकरीला असेल, तर त्यांनीच तिथून द्यावी हे सोपं. तिथल्या संस्थांचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म 990, कोणालाही वाचता येतं. त्यात मुख्य कामं कोणती आणि त्यांवर किती खर्च झाला, एवढं त्यांना बघायला सांगा.