आठवी-नववीतल्या मुलांना 'द ऑफिस' दाखवायचं का? कसं ठरवायचं ते सांगते

माझा मुलगा आठवीत असताना एक दिवस येऊन म्हणाला, आई वर्गात सगळे 'द ऑफिस' बघतात मी पण बघू का. मोबाईलवर त्यातल्या क्लिप्स त्याने आधीच बघितलेल्या होत्या, त्यामुळे नुसतं नाही म्हणून काही होणार नव्हतं, आणि काय आहे ते न बघताच हो म्हणायला जीव होईना. तेव्हा जे केलं ते लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी हे बघा की मूल नक्की कुठलं 'द ऑफिस' म्हणतंय. मूळ ब्रिटिश विनोदी मालिका 2001 ची, तिची भाषा बरीच उघडी आहे. आपल्याकडे 2019 मध्ये हॉटस्टारवर हिंदी आलं होतं. पोरांच्या तोंडी असतं ते बहुतेक अमेरिकन, 2005 ते 2013 चं, नऊ सीझनचं, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावातल्या कागद विकणाऱ्या कंपनीचं. मी त्याच्याबद्दलच बोलतेय.

रेटिंग बघाच. तिकडे त्याला टीव्ही-14 आहे, म्हणजे चौदाच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांनी जपून. आपल्याकडेही 2021 च्या नियमांपासून ओटीटीवर यू/ए 13+, यू/ए 16+ असं लिहावं लागतं आणि लॉकची सोय द्यावी लागते, तो लॉक खरंच लावा. पण रेटिंगवर थांबू नका, कारण त्यातून वय कळतं, आपलं पोर कळत नाही. आणि शिव्या मोजत बसलात तर ही मालिका सहज पास होते, टीव्हीवरची असल्यामुळे मोठ्या शिव्यांवर बीप आहे. खरी अडचण वेगळीच आहे.

ती अशी की यात मागे हशाचा आवाज नाहीये. कॅमेरा डॉक्युमेंटरीसारखा फिरतो, बॉस मायकल स्कॉट काहीतरी भयंकर बोलतो, आणि मग कॅमेरा बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे वळतो. विनोद त्या चेहऱ्यांवर आहे. ते चेहरे वाचता आले तर मायकल किती चुकतोय ते कळतं, नाही आले तर पोराला वाटतं की असं बोलायचं असतं आणि हे फनी आहे. मुलाला दाखवायचं की नाही ते मी यावरच ठरवते.

म्हणून आधी एकट्याने पहिल्या सीझनचा दुसरा एपिसोड बघा, 'डायव्हर्सिटी डे'. त्यात मायकल सगळ्यांच्या कपाळावर वेगवेगळ्या वंशांची नावं लिहिलेली कार्डं लावायला लावतो, आणि ऑफिसातलीच भारतीय वंशाची केली कपूर आत आली की तिच्या तोंडावर भारतीय दुकानदाराचा अ‍ॅक्सेंट काढून नक्कल करतो. ती सरळ त्याच्या थोबाडीत मारते. मायकलच्या डोळ्यात पाणी येतं आणि त्याला वाटतं आता तिला अल्पसंख्याक असणं म्हणजे काय ते समजलं!

मग तोच एपिसोड मुलाबरोबर बघा आणि टीव्हीकडे कमी, त्याच्याकडे जास्त बघा. माझा अ‍ॅक्सेंटला खळखळून हसला आणि थोबाडीत बसल्यावर एकदम गप्प झाला. मी पॉज केलं आणि एवढंच विचारलं की तिने का मारलं असेल रे. तो म्हणाला गंमतच करत होता ना तो, तिला एवढं काय लागलं. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, म्हणजे न्यू जर्सीच्या ताईची शाळेत नक्कल करतात तसं का. तिथे मला वाटलं की हा बघू शकेल, पण माझ्यासोबत. हेच तो पुढच्या आठवड्यात वर्गातल्या कुणाची नक्कल करत फिरला असता तर मी वर्षभर थांबले असते.

काही एपिसोड आधी स्वतः बघून ठेवा. तिसऱ्या सीझनचा पहिला, 'गे विच हंट', त्यात मायकल, ऑफिसातला ऑस्कर गे आहे हे सगळ्या ऑफिसला सांगून टाकतो, ऑस्करला न विचारता. हा मला उलट दाखवावासाच वाटतो, पण नंतर अर्धा तास बोलायला हाताशी ठेवा. 'दिवाली' नावाचा एपिसोड पण त्याच सीझनमध्ये आहे, केलीचं काम करणाऱ्या मिंडी केलिंगनेच लिहिलेला, दिवाळी आहे म्हणून घरच्यांसोबत लावाल तर मायकल भारतीय संस्कृती म्हणून कामसूत्रातली चित्रं वाटताना दिसेल, आजीआजोबा शेजारी बसलेले असतात तेव्हा माहीत असलेलं बरं.

'दॅट्स व्हॉट शी सेड' हे मायकलचं नेहमीचं द्विअर्थी वाक्य पोरं शाळेत बोलणारच. ओरडू नका, अर्थ साध्या शब्दात सांगा, आणि हेही सांगा की ऑफिसात हे ऐकून बायकांचे चेहरे कसे होतात ते बघ. दारू, लग्न ठरलेलं असताना दुसरीकडे संबंध, हेही आहे, पण ते आपल्या डेली सोपमध्येही रोज असतं, त्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

माझ्या मते बाराच्या आत नको, तेरा-चौदाला सोबत बसून, सोळानंतर त्याचं त्याला बघू दे. आणि 'डायव्हर्सिटी डे'ची ती परीक्षा झाली की पुढे मालिका बघायची सुरुवात पहिल्या सीझनने करू नका, सहाच एपिसोड आहेत पण मायकल तिथे सगळ्यात कडू आहे. दुसऱ्या सीझनच्या 'ऑफिस ऑलिम्पिक्स'ने करा. तिथेच काम करणारे जिम आणि पॅम कंटाळलेल्या लोकांना जमवून ऑफिसातच खेळ भरवतात, पायाला कागदाची खोकी बांधून शर्यत, दह्याच्या डब्यांच्या झाकणांची मेडल्स, आणि शेवटी मायकलच्या गळ्यात पण एक घालतात. तिथे मायकलचा चेहरा बघा, आणि मुलाला विचारा की त्याला रडू का येतंय.