'लाय' की 'ले'? आधी 'ने' लावून बघा

इंग्रजीतल्या लाय (lie) आणि ले (lay) या क्रियापदांबद्दल 'लाय म्हणजे पडणे, ले म्हणजे ठेवणे, एवढं पाठ करा' असं सांगून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. तेवढ्यावर वर्तमानकाळ कसाबसा निभावतो. खरी फसगत भूतकाळात होते.

सोपं आधी उरकू. लाय अकर्मक: माणूस आडवा होतो, फाइल टेबलावर पडून असते. ले सकर्मक: काहीतरी ठेवायचं, अंथरायचं, बसवायचं. म्हणून 'द फाइल इज लेइंग ऑन द टेबल' चूक. तिथे लाइंगच हवं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही बोलताना इथे घोळ घालतात, पण तुमच्या लेखी इंग्रजीत तो खपवून घेतला जाणार नाही.

आता भूतकाळ. लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. म्हणजे लायचा भूतकाळच 'ले', हुबेहूब दुसऱ्या क्रियापदासारखा! 'ती दुपारभर पलंगावर पडून होती' याचं इंग्रजी 'शी ले इन बेड ऑल आफ्टरनून'. इथे लेड लिहायला हात शिवशिवतात. लिहू नका.

तक्ते घोकून हे सुटत नाही, मराठीने सुटतं. वाक्य मराठीत, भूतकाळात म्हणा. कर्त्याला 'ने' लागला तर लेड, नाही लागला तर ले. 'गवंड्याने फरशी बसवली': लेड. 'कोंबडीने अंडं घातलं': लेड. 'कुत्रा दारातच पडून राहिला': ले. 'मी' आणि 'तू' यांना मात्र 'ने' लागतच नाही, त्यामुळे 'मी सतरंजी अंथरली' यावर कसोटी फसते. आधी 'मी'च्या जागी 'त्याने' घालून बघा. 'पाया घातला गेला' यात कर्ता दिसत नाही, पण घालणारा कुणीतरी आहेच. म्हणून 'वॉज लेड'. हॅज-हॅवनंतरही हीच कसोटी, फक्त 'ने' नसेल तर लेन. पत्र महिनाभर तसंच पडलंय? 'हॅज लेन'.

खोटं बोलण्याचा लाय वेगळा: लाय, लाइड, लाइड. 'तो खोटं बोलला' यात 'ने' नाही, तेव्हा ही कसोटी तिथे नेऊ नका.

लेडचं स्पेलिंग एल-ए-आय-डी, पेडसारखं.

जुन्या इंग्रजीत ले हे लायचंच प्रयोजक रूप होतं, जसं आपलं पडणे-पाडणे. राइज-रेझची जोडीही त्याच घराण्यातली, आणि 'ने' तिथेही कामाला येतो: 'सूर्य उगवला' म्हणजे रोझ, 'तिने हात वर केला' म्हणजे रेझ्ड.