‘जायचं होतं’ इंग्रजीत कसं म्हणायचं? भूतकाळ आणि ‘टू’ची जोडी

कुठलंही इंग्रजीचं गाइड उघडा, मागच्या पानांत एक यादी सापडतेच: ‘टू घेणारी क्रियापदं’. वॉन्ट, होप, डिसाइड, ॲग्री, रिफ्यूज. पोरं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर बसची वाट बघता बघता ती घोकतात आणि मुलाखतीत बसली की ‘आय हॅड टू गो’ म्हणून मोकळी होतात. म्हणायचं असतं, ‘मला जायचं होतं, पण राहून गेलं.’ यादी चुकीची नसते. पण ते क्रियापद भूतकाळात गेल्यावर समोरच्याला नक्की काय कळतं, हे यादीत कुठेच लिहिलेलं नसतं, आणि घोळ सगळा तिथेच होतो.

क्रियापदाची तीन रूपं आणि ‘डिड’ची नकारार्थी वाक्यं तुम्हाला येतात, असं धरून चालते. येत नसतील तर आधी ती करून या.

पहिली पायरी: भूतकाळ एकदाच लावा

‘वॉन्टेड टू गो’. ‘टू’च्या पुढे मूळ रूप, ‘वेन्ट’ नाही. नकारात भूतकाळाचं ओझं ‘डिड’ उचलतो, म्हणून ‘डिडन्ट वॉन्ट टू गो’. एवढंच आहे. यावर आठवडा घालवणारे क्लास असतात. तिथे फी भरू नका.

दुसरी पायरी: मराठी वाक्याला विचारा, ‘शेवटी ते झालं का?’

इथे मात्र बसून घ्या. ‘मराठीत विचार करूच नका, थेट इंग्रजीत करा’ हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. या जागी तो निरुपयोगी आहे. जायचं होतं, जावं लागलं, जाता आलं, जायला हवं होतं, जाणार होतो, जायचो: काम झालं की नाही आणि कुणाच्या मर्जीनं झालं, हे मराठी क्रियापदाच्या शेपटीत सांगून टाकते. इंग्रजीत तेच सांगायला दर वेळी वेगळं क्रियापद उचलावं लागतं. शेपटी नीट ऐकली तर निम्मं काम तिथेच होतं.

सगळ्यात घातक शेपटी ‘जायचं होतं’ची. ‘मला शनिवारी मुंबईला जायचं होतं’ या एका वाक्यात तीन माणसं लपलेली असतात. एकाची इच्छा होती: ‘वॉन्टेड टू गो’. दुसऱ्याचं ठरलेलं होतं, लोक वाट बघत होते: ‘वॉज सपोज्ड टू गो’, आणि यात बहुतेकदा ‘पण गेलो नाही’ हे न बोलता येतं. तिसऱ्याला गत्यंतर नव्हतं: ‘हॅड टू गो’. तुम्ही यातले कोण, हे ओळखायचा उपाय सोपा आहे. तेच वाक्य मराठीतच दुसऱ्या पद्धतीनं म्हणून बघा. ‘जायची इच्छा होती’, ‘जायचं ठरलं होतं’, ‘जावं लागलं’. ज्यानं अर्थ बदलत नाही, तो तुमचा. मग इंग्रजी.

हे न करता ‘होतं’ ऐकू आलं की ‘हॅड’ ठोकून दिला, तर काय होतं बघा. अंबडच्या कारखान्यात मुलाखत आहे. एचआर विचारतात, आधीची नोकरी का सोडली? पोराला सांगायचंय की मला सीएनसी प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. तो म्हणतो, ‘आय हॅड टू लर्न सीएनसी प्रोग्रॅमिंग.’ समोरच्यानं ऐकलं, की याला जबरदस्तीनं शिकायला लावलं म्हणून हा पळाला. पुढचा प्रश्न येतो, ‘सो, यू डोन्ट लाइक लर्निंग?’ पोरगं गोंधळून बघत राहतं. ‘वॉन्टेड’ हा एक शब्द हवा होता.

दुसरा खड्डा ‘जाता आलं’चा. इथे सगळे ‘कुड’ वापरतात, कारण शाळेत ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’ असं शिकवलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. ‘लहानपणी मला गोदावरीत पोहता यायचं’ ही कायमची क्षमता झाली, तिथे ‘कुड स्विम’ बरोबर. पण ‘काल धावतपळत नाशिकरोडला पोचलो आणि पंचवटी एक्स्प्रेस पकडता आली’ ही एका वेळची, घडलेली गोष्ट आहे. तिथे ‘आय कुड कॅच द ट्रेन’ म्हणालात तर ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो. म्हणा ‘वॉज एबल टू कॅच’, किंवा कष्ट पडले हेही सांगायचं असेल तर ‘मॅनेज्ड टू कॅच’. नकारात ही भानगड नाही. गाडी चुकली तर ‘कुडन्ट कॅच’ बिनधास्त म्हणा. दिसणं-ऐकू येणं यांनाही सूट आहे, ‘आय कुड हिअर द अनाउन्समेंट’ अगदी बरोबर.

तिसरा खड्डा पत्रव्यवहारातला. पिंपळगावहून युरोपात द्राक्षं पाठवणारा एखादा व्यापारी लिहितो, ‘वी डिसाइडेड टू सेंड द कंटेनर ऑन मंडे.’ कंटेनर गेलेला आहे. पण रॉटरडॅमच्या ग्राहकाला एवढंच कळलं की ठरलं होतं. तो उलट विचारतो, पाठवला का? यात दोन दिवस जातात. काम झालं असेल तर ‘टू’ लावूच नका, सरळ ‘वी सेंट’ लिहा. नम्रतेसाठी किंवा वाक्य भारदस्त व्हावं म्हणून ‘डिसाइडेड टू’, ‘प्लॅन्ड टू’ लावायची सवय मला अजिबात खपत नाही.

क्रियापदांचं हे वागणं भाषाशास्त्रज्ञांनीही तपासलेलं आहे. लॉरी कार्टुनेन या फिनलंडमध्ये जन्मलेल्या अभ्यासकानं १९७१ मध्ये त्यावर गाजलेला निबंध लिहिला. वर्गात त्याचा उपयोग इतकाच, की यादी घोकायचीच असेल तर या तीन ढिगांत घोका. ‘मॅनेज्ड टू’, ‘रिमेम्बर्ड टू’, ‘हॅपन्ड टू’: झालं. ‘फेल्ड टू’, ‘फरगॉट टू’: नाही झालं. ‘वॉन्टेड टू’, ‘होप्ड टू’, ‘प्रॉमिस्ड टू’, ‘डिसाइडेड टू’: काहीच कळलं नाही, पुढचं वाक्य तुम्हीच बोला. ‘ट्राइड टू’सुद्धा याच तिसऱ्या ढिगात, पण नुसतं ‘आय ट्राइड टू कॉल यू’ म्हणून थांबलात तर फोन लागला नाही असंच समोरचा धरतो. नकार लावल्यावर पहिले दोन ढीग पालटतात. ‘डिडन्ट फरगेट टू लॉक’ म्हणजे कुलूप लागलं. तिसरा ढीग मख्खच राहतो: ‘डिडन्ट वॉन्ट टू गो’ म्हणणारा माणूस तरीही गेलेला असू शकतो, लग्नाला आपण सगळे असेच जातो.

राहिलं ‘जायला हवं होतं’. ते ‘शुड हॅव गॉन’, आणि गेलो नाही हे त्यातच आलं. ‘मस्ट’चा भूतकाळ शोधत बसू नका, तो नाही, त्या जागी ‘हॅड टू’ येतो. गंमत म्हणजे ‘मस्ट’ हेच जुन्या इंग्रजीत एका क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं. ते क्रियापद मेलं, हे तेवढं उरलं. ‘जाणार होतो’साठी ‘वॉज गोइंग टू गो’. दोनदा ‘गो’ आलं म्हणून घाबरू नका.

तिसरी पायरी: काम दुसऱ्यानं करायचं असेल तर

‘मी इंजिनियर व्हावं असं वडिलांना वाटायचं.’ याचं ‘वॉन्टेड दॅट आय शुड’ करू नका. ‘माय फादर वॉन्टेड मी टू बिकम ॲन इंजिनियर.’ सांगितलं असेल तर ‘टोल्ड मी टू कम’. ‘सेड मी टू’ आणि ‘सजेस्टेड मी टू’ ही दोन्ही कानाला कितीही सवयीची वाटली तरी चूकच. ‘नको’ कुठे बसतो तेही बघा: ‘टोल्ड मी नॉट टू कम’ म्हणजे येऊ नको म्हणाला, ‘डिडन्ट टेल मी टू कम’ म्हणजे ये म्हणालाच नाही. आहेराच्या वेळी हा फरक कळतो.

‘लावलं’ आणि ‘दिलं’ या दोघांना ‘टू’ चालत नाही. आईनं भांडी घासायला लावली: ‘मेड मी वॉश’. आईनं जाऊ दिलं: ‘लेट मी गो’. पण ‘मला घासायला लावली गेली’ असं उलटं केलं की ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू वॉश’. कारण विचारू नका, तोंडात बसवा.

चौथी पायरी: ‘टू’ की ‘इंग’

त्र्यंबक रोडला चहा प्यायला थांबलो, ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चहा सोडला, ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘रिमेम्बर्ड टू लॉक’ म्हणजे आठवणीनं कुलूप लावलं, ‘रिमेम्बर्ड लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आठवलं.

पाचवी पायरी: त्याहूनही आधीचं असेल तर

‘टू’च्या पुढे ‘हॅव’ घाला. तो जेवून आलेला दिसत होता: ‘ही सीम्ड टू हॅव ईटन’. हे लिहिताना लागतं, बोलताना क्वचित.

सहावी पायरी: कान

‘हॅड टू’ बोलताना ‘हॅट्टू’ होतं. ‘जायचो’साठीचं ‘यूज्ड टू’ तोंडी ‘यूस्टू’ असं येतं, मधला ‘ड’ ऐकूच येत नाही, म्हणून लोक लिहितानाही तो गाळतात. साध्या वाक्यात गाळू नका. गाळायचा तो फक्त ‘डिड’ आल्यावर: ‘डिडन्ट यूज टू’. पहिल्या पायरीचाच नियम आहे हा. आणि ‘यूज टू गो’ म्हणजे ‘मी हल्ली जातो’ असं समजणारे पुष्कळ आहेत; हल्ली जात असाल तर नुसतं ‘आय गो’.