लोणा लागलेल्या भिंतीवर पुन्हा सिमेंट नको

बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांच्या भिंती बहुतेक विटा-चुन्याच्या. जमिनीतून चढलेली ओल त्या पृष्ठभागातून बाहेर टाकतात. वरून सिमेंट थापलं की ती वाट बुजते, ओल आणखी वर सरकते आणि क्षार विटेतच साठून तिचा भुगा करतात. लोणा तो हाच. इथले कडिये, म्हणजे गवंडी, त्याला ‘लूणो’ म्हणतात.

गिलाव्याआधी ओलीचं मूळ शोधा. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या हवेची, तिथे गिलावा बदलून उपयोग नाही. फुटकी पन्हळ, गळका नळ, आणि फरशीवर फरशी घालून उंच झालेलं अंगण ही नेहमीची कारणं. बाहेरची जमीन आतल्या जोत्यापेक्षा निदान 15 सेंमी खाली हवी.

मग छिन्नी-हातोड्याने सिमेंट काढा, ओलीच्या खुणेच्या वर आणखी फूटभर. ब्रेकर लावू नका, जुन्या विटा हादरतात. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, 15-20 मिमी खोल कोरा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि कचरा घराबाहेर टाका. पाण्याने धुतले तर विरघळून परत आत जातात. भिंत काही आठवडे उघडी राहू द्या. घाई नेमकी इथेच होते.

कळीचा चुना विझवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळून उडतं, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. गाळून, वर पाणी ठेवून निदान तीन आठवडे मुरवा.

प्रमाण मापाने: 1 चुना, 1 सुरखी (विटांची पूड), 2 धुतलेली खरखरीत वाळू. 10 चौरस मीटर भिंतीला 20 मिमी जाडीसाठी साधारण 70 लिटर मुरलेला चुना, 70 लिटर सुरखी, 140 लिटर वाळू. सुरखी घरातल्याच फुटक्या विटांची चालते, मात्र लोणा लागलेल्या विटांची नाही. रोग परत भिंतीत जाईल. चुना मळायची घाणी नसेल तर मिश्रण चांगलं कुटा. पाणी वाढवून मऊ केलेला माल तडकतो. गूळ, मेथीचं पाणी घालायची रीत आहे. गूळ जास्त झाला तर माल लवकर धरत नाही.

भिंत आदल्या दिवशी भिजवा. पहिला थर 10-12 मिमी, दाबून. तो ओरखडून आठवडाभर ठेवा, मग दुसरा 8 मिमी. प्रत्येक थरावर ओली गोणपाटं टांगून सात दिवस पाणी शिंपडा. केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर थर ओला असतानाच लाकडी थापीने पुन्हा दाबा. दिवाळीनंतर सुरुवात करून फेब्रुवारीत संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होण्याआधीच वाळतो आणि हाताला पावडर लागते.

वरून चुन्याचीच सफेदी, तीन-चार पातळ हात. प्लास्टिक पेंट लावलात तर सिमेंटचीच चूक पुन्हा, फक्त पातळ.