स्मोक अलार्म: झोपणाऱ्याचा विचार करून लावा

मी वायरिंगची कामं करतो. स्मोक अलार्म लावायला गेलो की आधी विचारतो, घरात कोण कुठे झोपतं आणि दार लावून झोपतं का? गाढ झोपेत धुराच्या वासाने जाग येईल, याचा भरवसा धरू नका. जाग आणायची ती आवाजाने. म्हणून झोपायच्या प्रत्येक खोलीत एक, बाहेरच्या पॅसेजमध्ये एक आणि दर मजल्यावर निदान एक अलार्म हवाच. शक्य असेल तर एकमेकांशी जोडलेले घ्या. खाली धूर झाला की वरचेही वाजतात.

घेताना माझं मत फोटोइलेक्ट्रिकला, म्हणजे आतल्या प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणाऱ्या अलार्मला. गादी, सोफा बराच वेळ नुसते धुमसतात, आणि तो धूर हा प्रकार लवकर पकडतो. दुसरा प्रकार आयोनायझेशनवाला, म्हणजे आतल्या किंचित किरणोत्सर्गी पदार्थाच्या मदतीने धूर ओळखणारा. तो भडकलेल्या जाळाला लवकर वाजतो, पण स्वयंपाक चालू असतानाही उगाच बोंबलतो. मग लोक वैतागून त्याची बॅटरीच काढून ठेवतात. असं घर पाहिलं की मला खरंच काळजी वाटते. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा हीट अलार्म लावा. धुराचा शेगडीपासून निदान 3 मीटर लांब.

जागा छताची, शक्यतो मधोमध. भिंतीवरच लावायचा तर छतापासून 30 सेंटिमीटरच्या आत. पंख्याच्या पात्यांपासून मीटरभर तरी दूर, नाहीतर वारा धूर त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही. भोकं पाडून, भुकटी पुसून झाल्यावरच अलार्म खोक्यातून काढा.

लावून झाला की माझा आग्रह असतो: रात्री बंद असतात ती दारं बंद करा, एकाने पलंगावर आडवं व्हा, दुसऱ्याने टेस्टचं बटण दाबा. आवाज दबका वाटला तर अलार्म कमी पडतोय. आजी-आजोबा कानाचं यंत्र काढून झोपत असतील, तर उशीखाली थरथरणारं पॅड जोडता येईल असाच घ्या. लहान मुलं अलार्मने उठतीलच असं नाही. त्यांना कोण उठवणार, ते आधीच ठरवा.

पुढे महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचं, जाळीवरची धूळ व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने काढायची. त्यावर रंग कधीच मारू नका. मधूनमधून एकच ‘पीप’ येऊ लागला तर बहुधा बॅटरी संपत आलीय. त्याच दिवशी बदला. मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून 10 वर्षं झाली, की बटण दाबल्यावर वाजत असला तरी नवा आणा. ती तारीख मी बसवतानाच मार्करने कडेला लिहून ठेवतो, खालून वाचता येईल अशी.