पुण्यात बेली डान्स शिकायचा असेल तर

बेली डान्सचा क्लास लावायचे मनात आले की बहुतेक जणी आरशासमोर उभ्या राहतात, पोट आत घेऊन पाहतात आणि तो बेत पुढच्या वर्षावर ढकलतात. या अडखळण्याला नृत्याचे रूढ नावच कारणीभूत आहे. इजिप्तमध्ये रंगमंचावर सादर होणाऱ्या या नृत्याला ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचे नृत्य, असे म्हणतात आणि लग्नाकार्यात घरोघरी नाचल्या जाणाऱ्या त्याच्या लोकरूपाला ‘रक्स बलदी’. ‘पोटाचा नाच’ हे नाव फ्रेंचांनी दिले आणि १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास त्याचे इंग्रजी रूप अमेरिकेत गाजले. प्रत्यक्षात पहिले दोन महिने काम असते ते गुडघ्यांचे आणि खुब्यांचे. म्हणूनच क्लास निवडताना शिकवणारी व्यक्ती विद्यार्थिनींच्या गुडघ्यांकडे किती लक्ष देते, हीच माझ्या मते खरी कसोटी आहे.

त्याआधी अंतराचा विचार करावा, कारण आठवड्यातून दोनदा जायचे असते आणि क्लास सुटतात ते नाचाच्या कंटाळ्याने नव्हे, तर रस्त्याच्या. कोथरूडहून संध्याकाळी सात वाजता नदीपलीकडे दुचाकीने जाणे म्हणजे अर्धी ताकद सिग्नलवरच संपवणे होय. त्याऐवजी वनाज ते रामवाडी या मेट्रो मार्गावर नळस्टॉपला चढून कुठेही न बदलता थेट कल्याणीनगरला उतरता येते. स्थानकापासून चालत जाण्याजोगा क्लास मिळाला, तर तो थोडा महाग असला तरी घ्यावा.

पैसे भरण्यापूर्वी एक ट्रायल क्लास अवश्य करावा आणि त्यात स्वतःच्या नाचापेक्षा शिकवण्याची रीत पाहावी. पहिली दहा-पंधरा मिनिटे उभे राहण्यावर जातात का, म्हणजे पावले समांतर, गुडघे किंचित सैल, माकडहाड जमिनीच्या दिशेने आणि बरगड्या वर उचललेल्या, हे एकेकीजवळ जाऊन तपासले जाते का, ते पाहावे. बाईंना शैली विचारावी. इजिप्शियन शैलीत हालचाल आटोपशीर आणि संगीताला चिकटून असते, तुर्की शैली अधिक मोकळी आणि चपळ असते, तर १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली अमेरिकन ट्रायबल शैली गटाने, एकमेकींच्या खुणा ओळखत नाचायची असते. यांतली कोणतीही शिकण्यास हरकत नाही. मात्र ‘आम्ही सगळेच शिकवतो’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. जमीनही पाहून घ्यावी. लाकडी किंवा व्हिनाइलची असेल तर उत्तम. नुसत्या टाइल्सवर तासभर अनवाणी उभे राहिल्यास टाचा बोलू लागतात.

मी स्वतः यात फसले आहे. सवलतीच्या मोहाने तीन महिन्यांचे शुल्क एकरकमी भरले आणि पहिल्याच दिवसापासून एका चित्रपटगीतावरचा नाच बसवणे सुरू झाले. तीन महिन्यांनी मला ते एक गाणे येत होते आणि दुसरे कोणतेही गाणे लागले की मी नुसती उभी राहत होते. शिवाय उजवा गुडघा दुखत होता, तो निराळाच.

कपड्यांवर सुरुवातीला खर्च करू नये. लेगिंग्ज आणि अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट पुरतो. पोट उघडे टाकण्याची मुळीच गरज नसते, फक्त कमरेची रेषा बाईंना दिसली पाहिजे. त्यासाठी घरातली ओढणी कमरेखाली, नितंबांच्या रुंद भागावर घट्ट बांधावी. नाणी लावलेल्या हिप स्कार्फचा मोह सगळ्यांनाच होतो आणि त्याचा उपयोगही आहे, कारण हालचाल तालात पडते की नाही, हे तो कानाला लगेच सांगतो. मात्र घेताना नाणी दोऱ्याने ओवली आहेत की नुसती चिकटवली आहेत, हे ओढून पाहावे. माझा पहिला स्कार्फ दुसऱ्या दिवशी स्टुडिओभर पसरला आणि उरलेला तास मी नाणी वेचण्यात घालवला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पहिल्या काही तासांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिप ड्रॉप’मध्ये सगळे वजन डाव्या पायावर असते, उजव्या पायाचा चवडा किंचित पुढे टेकलेला आणि टाच उचललेली असते. उजवा गुडघा सरळ होऊ लागला की त्या बाजूची कंबर आपोआप वर जाते आणि गुडघा वाकला की खाली पडते. कंबर स्वतंत्रपणे उडवायची नसते. खांदे स्थिर, डावा गुडघा सैल आणि नजर समोर राहिली की वरचे शरीर जणू दुसऱ्याच कोणाचे आहे, असे वाटू लागते. या सुटेपणालाच क्लासमध्ये ‘आयसोलेशन’ म्हणतात. शिमीचेही तसेच आहे. दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकवून गुडघे आळीपाळीने, पण कधीही ताठ न करता, मागेपुढे हलवले की कंबरेची थरथर आपोआप येते. नितंब आवळून ती आणू पाहणारीची कंबर मात्र दोन मिनिटांत भरून येते. कमरेने आठचा आकडा काढायला सांगतात तेव्हा तो इंग्रजी आठ असतो, हेही लक्षात ठेवावे. मराठी ८ काढू पाहणाऱ्या एका मावशींमुळे आमचा अख्खा वर्ग पाच मिनिटे हसत होता, आणि त्यात मावशी सर्वांत पुढे होत्या.

कथक शिकलेल्यांना ताल लवकर सापडतो, परंतु तत्काराची सवय, म्हणजे ताठ गुडघा आणि जोराने आपटणारे पाऊल, इथे बाजूला ठेवावी लागते. ताल मात्र ओळखीचा वाटेल असाच आहे. या संगीतातल्या दरबुका या तालवाद्याला इजिप्तमध्ये तबलाच म्हणतात, जरी ते आपल्या तबल्यासारखे दिसत नाही. त्यावर मधोमध पडणारा खोल आघात ‘दुम’ आणि कडेचा टणक आघात ‘तेक’. सर्वाधिक कानी पडणारा ‘मक्सूम’ हा ताल केरव्यासारखा आठांत मोजता येतो: दुम, तेक, विराम, तेक, दुम, विराम, तेक, विराम. यातल्या दुसऱ्या ‘तेक’च्या जागी ‘दुम’ आला की तोच ‘सईदी’ होतो. कथकच्या वर्गात पढंत करतात त्याप्रमाणे हे बोल टाळी देत मोठ्याने म्हणावेत. तोंडात बसलेला ताल कमरेत लवकर उतरतो.

घरच्या सरावासाठी वेगळा तास काढण्याची प्रतिज्ञा मोडणारच असते, म्हणून तो कामाला जोडावा. मी ओट्याशी दूध तापवताना शिमी करते. सुरुवातीला अर्ध्या मिनिटात मांड्या भरून येत. आता साय धरून दूध वर येईपर्यंत टिकतात. आठवड्यातून एकदा मोबाइल समोर ठेवून चित्रीकरण करावे, कारण आरशात आपण नकळत सोयीच्या जागीच पाहतो. नाण्यांचा स्कार्फ मात्र दुपारी काढून ठेवावा. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येण्याचा अनुभव मी घेतला आहे.

गर्भारपण, नुकतेच झालेले बाळंतपण, सिझेरियनचा टाका, मणक्याच्या चकतीचा त्रास किंवा गुडघ्याची जुनी दुखापत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि नंतर बाईंनाही स्पष्ट सांगावे. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ देऊन मगच क्लासला जावे. स्नायू दुखणे साहजिक आहे. परंतु कंबरेत किंवा गुडघ्यात कळ आली तर ती हालचाल त्या दिवसापुरती तिथेच थांबवावी.

अनेक क्लासेसमध्ये वर्षातून एकदा कार्यक्रम असतो आणि त्याच्या पोशाखाचे पैसे वेगळे घेतात. त्यात भाग घेणे सक्तीचे आहे का, चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकतात का आणि तुमची परवानगी विचारतात का, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावे. कार्यक्रमाला आठवडा उरलेला असताना हा विषय काढला, तर दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.