फ्रिजमागचा ट्रे

साथरोगाच्या कामावर नव्याने येणाऱ्याला मी आधी एकच सांगतो: टॉर्चचे सेल सकाळी निघतानाच तपासून घ्या.

स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स करून मी पुण्यात पालिकेच्या आरोग्य विभागात लागलो, तेव्हा मला वाटायचं डेंग्यूवर धूरफवारणी हाच उपाय. पण धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी ठेवायला सांगतो, ते यासाठीच.

पहिल्याच पावसाळ्यात एरंडवण्यातल्या एका सोसायटीत दोन रुग्ण निघाले. मी टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर सगळं पाहिलं आणि ‘अळी नाही’ असं लिहून आलो. चार दिवसांनी तिसरा रुग्ण. या वेळी आमचे जुने कीटक समाहारक, म्हणजे डास-अळ्या शोधून गोळा करणारे कर्मचारी, बरोबर होते. त्यांनी चप्पल बाहेर काढली, पाणी मागून प्यायले, मग म्हणाले, “काकू, फ्रिज जरा पुढे ओढू का?” मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. टॉर्च मारताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. काकूंनी ट्रे मोरीत ओतला, तर ते म्हणाले, “नुसतं ओतू नका, कडा घासा.” अंडी कडेला चिकटलेली असतात आणि सुकली तरी कित्येक महिने तग धरतात. माझ्या त्या शेऱ्याची रुखरुख अजून जात नाही.

कागदाचं काम कंटाळवाणं वाटेल, पण लॅबच्या रिपोर्टवर विसंबू नका. पत्ता गावाकडचा असतो आणि माणूस राहतो धायरीत. फोन करून विचाराच.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. संसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, म्हणून लक्ष पाण्याकडे वळलं. अशा वेळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायची चाचणी, शेवटच्या नळालाच करा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरीन तिथवर पोहोचलेलं नाही. तिथेच नमुना घ्या, लगेच वर कळवा.

आणि कुलूपबंद घरांची यादी वेगळी ठेवा. संध्याकाळी सातनंतर परत जा, माणसं तेव्हाच भेटतात.